निवृत्तीची किटली

पूनम सागर सोसायटीतल्या पंढरीनाथांनी दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली होती, आणि निवृत्तीनंतरची तीन वर्षं लिफ्टमध्ये भेटेल त्याला हे सांगण्यात. त्यामुळे त्यांच्याच घरचं दूध सलग तीन दिवस गॅसवर फाटलं, तेव्हा त्यांची झोप उडाली. बायको सुचेता म्हणाली, "अहो, दुधाची किटली एकदा मी घासते." पण किटली निरोपसमारंभात मिळालेली. तिला ते कुणाला हात लावू देत नसत.

त्यांनी किटलीतलं दूध परीक्षानळीत घेतलं, निळ्या रंगाचे थेंब टाकले आणि नळी कोमट पाण्यात ठेवली. चांगल्या दुधात हा रंग पाच-पाच तास टिकतो. जिवाणू माजले असले की उडतो. इथे तासाभरात दूध पांढरंफटक. पंढरीनाथांना, खोटं कशाला बोला, आनंदच झाला. नळीचा फोटो त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली आपला जुना हुद्दा लिहिला. संध्याकाळपर्यंत नऊ घरांनी दूधवाल्या शिवदासचं दूध बंद केलं.

शिवदास इथला जुना माणूस, मिठागरातलं काम गेल्यावर म्हशींकडे वळलेला. सकाळी तो कॅन घेऊन दारात आला.

"साहेब, तुमी बोलता तर आसंल. पन माज्या डोल्यांसमोर एकदा करा. नऊ घरं गेली तर म्हशी इकाव्या लागतील."

पंढरीनाथांनी ऐटीत दोन नळ्या भरल्या. एक थेट कॅनमधून, दुसरी नेहमीप्रमाणे किटलीत ओतलेल्या दुधाची. तासाभरात किटलीची नळी पांढरी झाली. कॅनची दुपारपर्यंत निळीच. शिवदास सोफ्याच्या कडेला बसून होता.

पंढरीनाथांनी किटलीच्या दुमडलेल्या काठात नख घातलं. पिवळट, आंबूस थर निघाला. असल्या काठाचं भांडं दुधाला वापरू नका, म्हणून त्यांनी आयुष्यभर गावोगावच्या शेतकऱ्यांना दरडावलं होतं. सुचेताने फक्त घासणी पुढे केली, त्याची त्यांना जास्त लाज वाटली.

ग्रुपवर त्यांनी लिहिलं, "दूध उत्तम आहे. घाण माझ्या किटलीत होती. शिवदासची माफी मागतो." हुद्दा लिहिला नाही. आठ घरं परत आली. नववं अजून पिशवीचंच दूध घेतं.

दुसऱ्या दिवशी पंढरीनाथ सरळ काठाचं नवं पातेलं घेऊन दारात उभे राहिले. शिवदासने ते हातात घेतलं, काठावरून बोट फिरवलं, वास घेतला. संकलन केंद्रावर आपलं दूध पास होतंय की नाही या धास्तीने शेतकरी उभे राहायचे, तसे पंढरीनाथ उभे होते.

मग शिवदासने दूध ओतलं.