जे मधे बसत नव्हतं

धुलाईच्या त्या कारखान्यात मालकीणबाईंच्या कानांना सगळे वचकून असत. शिक्षण म्हणाल तर सही करण्यापुरतं, पण सहा मशीन एकदम घरघरत असताना कुठलं कुरकुरतंय ते त्या पाठमोऱ्या उभ्या राहून सांगत. सासऱ्यांनी घालून दिलेला एक नियम त्यांनी कधी मोडू दिला नव्हता. वेगळा आवाज ज्याच्या कानावर पडेल त्याने भिंतीवरचं लाल बटण दाबायचं, मग तो मालक असो की झाडूवाली. सगळी मशीन बंद. आवाज खोटा निघाला तरी कोणी कोणाला बोलायचं नाही.

आठ महिन्यांपूर्वी तीन नंबरचं, कपडे पिळायचं मशीन बेअरिंग तुटून उसळलं आणि झाकणाखाली मोठ्या सुनेच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. ती दवाखान्यातून परत आली त्या दिवशी बाईंनी दहा बायकांसमोर विचारलं, "बेअरिंग काय उभ्या उभ्या तुटतं? चार-पाच दिवस ठोके देतं. तुझे कान काय भाड्याने दिले होतेस? बहिरी कुठली!" तेव्हापासून सून घड्या घालायच्या टेबलावर, डाव्या हाताने. आणि नावच पडलं, बहिरी.

आज तिची पिशवी टेबलाखाली भरून तयार होती. सकाळीच ती सासूला म्हणाली होती, "मी बहिरी नव्हते, एवढं एकदा सगळ्यांसमोर म्हणा, आई. नाहीतर संध्याकाळच्या गाडीने माहेरी जाते. परत यायला नाही."

"गाडीत खिडकीजवळ बस," बाई म्हणाल्या होत्या. "वारा लागला की कान मोकळे होतील."

दुपारच्या सुट्टीत मशीन बंद झाली तसा धाकटा मुलगा बाईंच्या काचेच्या केबिनमध्ये आला. हातात हेडफोन. त्याने एक अल्बम केला होता आणि शुक्रवारी तो मोठ्या हॉलमध्ये वाजणार होता. त्याआधी आईने ऐकावा, असं त्याच्या मनात होतं.

"याला अँबियंट टेक्नो म्हणतात. यात गाणं नाही, बोल नाहीत. एक ठेका चालू राहतो आणि त्याच्या भोवतीचं हळूहळू बदलतं. घाई करायची नाही, नुसतं ऐकायचं."

"गाणं नाही, बोल नाहीत. बापावर गेलायस. तोही तासभर नुसता हूं हूं करायचा."

पण बाईंनी हेडफोन चढवले आणि डोळे मिटले. ऐकायचं म्हटल्यावर त्या अर्धवट ऐकत नसत. आधी नुसती वाफ, येतेय की जातेय कळू नये अशी. मग कुठेतरी खोल पाणी.

"ही आपल्या बॉयलरची वाफ," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "हे मोरीत पडणारं पाणी, ताणून लांब केलंयस. आणि ह्या माझ्या किल्ल्या."

धाकट्याचा चेहरा उजळला. "आई! आजवर एकालाही ओळखता आलं नाही. मशीनच्या पोटाला माइक चिकटवून घेतलंय सगळं."

खोटं कशाला सांगा, बाईंना आवडलं. तिसऱ्या तुकड्यात ठेका आला. मऊ, गोल, दर तिसऱ्या फेऱ्याला, आतून कोणी दार वाजवावं तसा. बाईंचं बोट टेबलावर ताल धरू लागलं.

मग थांबलं.

ठोक्याच्या मागे बॉयलरची बारीक शिट्टी होती. ती शिट्टी मारणारा व्हॉल्व्ह त्या आठवड्यात सोमवारी सकाळी बदलला होता. तीन नंबरचं उसळलं गुरुवारी. चौथ्या तुकड्यात शिट्टी नव्हती आणि ठोका जाड झाला होता. पाचव्यात आणखी. शेवटच्या तुकड्यात त्याला घाई सुटली आणि एकाएकी काहीच नाही. नुसतं पाणी.

बाईंनी हेडफोन काढले. "हा ठोका कुठला?"

"आवडला ना? अख्खा अल्बम त्याच्यावर उभा आहे."

"कुठला, विचारलं."

"तीन नंबरचा."

"तिथे उभं राहून ऐकू येत होता?"

"छे गं! सहा मशीन चालू असताना शक्यच नाही. माइकमधून फक्त मला." हे त्याने अभिमानाने म्हटलं आणि मग तो हेडफोनची वायर बोटाला गुंडाळू लागला.

"बटण?"

"दाबलं असतं तर तू लगेच मिस्त्री बोलावला असतास. ठोका गेला असता. वाटलं, अजून दोन दिवस टिकेल."

"पाण्याच्या आधी किंकाळी होती. मी इथे बसून ऐकली होती. ती कुठेय?"

"काढली."

"का?"

"मधे बसत नव्हती."

बाईंनी काच ठोठावून सुनेला बोलावलं. हेडफोन तिच्या डोक्यावर बसवले आणि धाकट्याला पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. पाऊण तास ती उभ्याने ऐकत राहिली. सुट्टी संपून गेली, पण मशीन लावायची कोणाची छाती झाली नाही. तिसऱ्या तुकड्याला तिचा उजवा हात ॲप्रनच्या खिशात गेला, तो तिथेच राहिला.

"छान झालंय, भाऊजी," संपल्यावर ती म्हणाली. "पण माझं राहिलंय. ठेवलंयत का कुठे?"

"ठेवलंय," धाकटा पुटपुटला.

"मग घाला."

"वहिनी, लोक हॉलमधून उठून जातील."

"नाही जाणार," बाई म्हणाल्या. "ते ऐकून तू गेलास का? शुक्रवारी मी पहिल्या रांगेत आहे. ते वाजलं नाही तर तुझी पेटी नि वायरी उकळत्या हौदात."

सून जागची हलली नाही. "आणि तुमचं, आई?"

बाईंच्या नाकावर आजवर माशी बसली नव्हती. त्यांनी दार उघडून हाळी दिली, "सुट्टी संपली! लावा मशीन!" सहाच्या सहा घरघरायला लागली, तेव्हा त्या घरघराटात, भिंतीकडे बघत बाई म्हणाल्या, "नव्हतीस तू बहिरी."

"काय म्हणालात?" सुनेने पिशवी खांद्याला लावली. "ऐकू नाही आलं. बहिरी आहे ना मी."

बाई दहा जणींच्या समोरून चालत भिंतीपर्यंत गेल्या आणि लाल बटणावर अख्खा तळवा दाबला. एकेक मशीन दमत दमत थांबलं. दहा माना वर झाल्या.

"कुठून आला आवाज, बाई?" इस्त्रीवालीने विचारलं.

बाईंनी घसा खाकरला. सून पिशवी खाली न ठेवता उभी होती.