दहा भोकांचा पुठ्ठा

"आता जेवायचं कुठे? मांडीवर?"

टाचणीने दोन्ही हातांत ताटं धरून विचारलं. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर होती आणि चादरीवर गाडीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे इंजिनावरचं जड झाकण. लेथवाल्या टर्नरने घासून सपाट करून दिलेलं. नवरा त्यावर वाकून फडक्याने एकेक कोपरा पुसत होता. एवढ्या मायेने त्याने कधी स्वतःचा चष्माही पुसला नव्हता.

"आजचाच दिवस. संध्याकाळी टेबल मोकळं करतो."

"शुक्रवारपासून आजचाच दिवस चाललाय."

टाचणी हे तिचं खरं नाव नव्हे. सोफ्याच्या कारखान्यात कापड ओढून बसवताना ती तोंडात टाचण्या धरून गप्पा मारायची, म्हणून तिथल्या लोकांनी ठेवलेलं. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तिचं लग्न झालं. नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होता. बिजवर, पण भला माणूस. व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. अडचण एकच होती, आणि ती सहा वर्षांपूर्वी वारली होती.

त्याची पहिली बायको त्याच शाळेत शिकवायची. सगळे तिला बाई म्हणत, तसा हाही बाईच म्हणायचा. अजूनही घरात बाईंची खुर्ची होती, बाईंची कात्री होती आणि बाहेर पत्र्याच्या शेडखाली बाईंची गाडी होती. टाचणीच्या वाट्याला नुसतं 'अगं' आलं होतं. जिवंत सवतीशी माणूस निदान कडाकडा भांडू शकतं. मेलेल्या सवतीची भाजी कधी करपत नाही, तिला कधी पडसं होत नाही आणि तिचं काही म्हणता काही चुकत नाही.

गाडीवर टाचणीचा विशेष राग होता, आणि त्याला कारण होतं. ड्रायव्हरच्या सीटची शिवण उसवून आतला स्पंज बाहेर आला होता. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती म्हणाली होती, "मी शिवून देते. अर्ध्या तासाचं काम." तो म्हणाला, "राहू दे." आवाज मऊ होता, पण दार लावल्यासारखा. गावभरच्या सोफ्यांना जिचा हात लागायचा तिने घरच्या गाडीची सीट तेवढी शिवायची नाही! ते तिला तीन वर्षं सलत होतं.

मग पंधरा दिवसांपूर्वी गाडीने चढावर पांढरा धूर सोडला आणि बंद पडली. शेजारच्या ड्रायव्हरकाकांनी, म्हणजे तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी, तेल बघितलं. ते दूध घातल्यासारखं फेसाळलं होतं.

"हेड गॅस्केट गेलं, हेडखालची ती पातळ पट्टी. पाणी तेलात शिरलंय. गॅरेजला दिलीत तर नाकापेक्षा मोती जड व्हायचा."

टाचणी लगेच म्हणाली, "भंगारवाला नेतो म्हणतोय."

नवऱ्याने बोनेटवर हात ठेवला. मग म्हणाला, "नऊ वर्षांपूर्वी असंच झालं होतं. तेव्हा मी आणि बाईंनी घरीच बदललं. आत्ताही एकदा बघतो. नाहीच झालं, तर देऊन टाकू. शब्द देतो."

त्या शब्दावर टाचणीने दोन आठवडे तग धरला होता. झालं नाही, तर गाडी जाणार होती.

जेवण शेवटी ओट्याशी उभ्यानेच उरकलं. मग दोघांनी हेडचं एकेक टोक धरून ते शेडमध्ये नेलं. ड्रायव्हरकाका भिंतीवर कोपरं टेकून उभेच होते. नवऱ्याने नवं गॅस्केट पाकिटातून काढलं, कणाएवढाही कचरा नाही ना हे बघत इंजिनावर अलगद बसवलं आणि त्यावर हेड ठेवलं. पाकिटातला कागद उडून टाचणीच्या पायाशी आला.

"बाई असत्या तर एव्हाना झालंही असतं," ड्रायव्हरकाका म्हणाले. "काय चालवायच्या हो! त्यांची गाडी दिसली की मी बस बाजूला घेऊन वाट द्यायचो."

"मी बसनेच कारखान्यात जात होते," टाचणी म्हणाली. "माझ्यासाठी स्टॉपवर तरी थांबवायचीत."

काका हसले आणि ताण मोजणारा त्यांचा पाना नवऱ्याच्या हातात देऊन चहाला निघून गेले. ठरलेला ताण आला की पान्यातून टक् आवाज येतो, तेवढं त्यांनी शिकवून ठेवलं होतं.

मग नवऱ्याने फळीमागून पुठ्ठा काढला.

टाचणीने तो आधी कधी पाहिला नव्हता. बुटाच्या खोक्याचं झाकण होतं. त्याला दोन ओळींत दहा भोकं पाडलेली, आणि प्रत्येक भोकाशी निळ्या शाईने आकडा. वरच्या ओळीत एक ते पाच, खालच्या ओळीत सहा ते दहा. आकडे फळ्यावरच्यासारखे गोल आणि सरळ, एकालाही खाडाखोड नाही. इंजिनातले बोल्ट काढताना त्याने ते याच भोकांत खोचून ठेवले होते.

"बाईंचं काम," तो म्हणाला. त्या आकड्यांकडे बघताना त्याचा चेहरा असा काही उजळला की टाचणीचा जळफळाट झाला. तिचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं होतं. तिच्या अक्षरासाठी कुणी झाकण तर सोडाच, चिठ्ठीसुद्धा जपून ठेवली नसती.

दहाही बोल्ट हाताने फिरवून बसवून झाले. आता आवळायचे. त्याने पुठ्ठा समोर उभा केला आणि पहिल्या आकड्याच्या बोल्टला पाना लावला. अगदी टोकाचा बोल्ट. टक्. मग शेजारचा दुसरा. टक्.

टाचणीच्या हाताची बोटं आपोआप वळली. गादीवर कापड बसवताना एका कडेकडून खिळे मारत गेलं तर सगळी सुरकुती दुसऱ्या कडेला गोळा होते. पहिला खिळा मध्यावर, मग त्याच्या समोरचा, मग एकदा इकडे, एकदा तिकडे, असं कोपऱ्यांकडे जायचं. हे तिला झोपेतही चुकलं नसतं. तिने पायाशी पडलेला कागद उचलला. त्यावरची भाषा तिला येत नव्हती, पण चित्र होतं आणि चित्रातल्या दहा गोलांत आकडे होते. एक आणि दोन अगदी मध्यावर. नऊ आणि दहा कोपऱ्यांत.

म्हणजे बाई चुकल्या होत्या! नऊ वर्षं फळीमागे जपून ठेवलेली चूक! टाचणीला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. आणि पाठोपाठ दुसरी गोष्ट लक्षात आली. तिने काही बोलायची गरजच नव्हती. मिठाची गुळणी धरून नुसतं उभं राहायचं. हेड वाकडं आवळलं जाणार, गाडी पुन्हा धूर ओकणार, आणि त्याने शब्द दिला होता. सुंठीवाचून खोकला जाणार होता.

टक्. तिसरा.

ती गप्प राहिली. कागदाची घडी घालून मुठीत धरली. तो ओठ हलवत 'चार' म्हणत पुढे सरकला, आणि तिला दिसलं की गाडी गेली तरी हा माणूस या रिकाम्या शेडखाली येऊन उभा राहणार. बाईंनी सगळं नीट लिहून दिलं होतं आणि आपल्याला जमलं नाही, असं म्हणत राहणार. भंगारात गेलेली गाडी या घरातून कधीच जाणार नव्हती. आणि खरं सांगायचं, तर त्याहूनही जास्त तिला ते वाकडं ताणलेलं काम डोळ्यांनी बघवत नव्हतं.

"थांबा. मधून सुरू करा."

"काय?"

"मधून आवळायचं असतं. कापड असो नाहीतर लोखंड. हा बघा कागद."

त्याने कागद घेतला, चष्मा वर केला, खाली केला. "पण बाईंनी आकडे..."

इथे तिला म्हणता आलं असतं, की मग बाई चुकल्या. वाक्य जिभेवर आलंही होतं. तिने पुठ्ठ्याकडे पुन्हा पाहिलं. दोन ओळी. हजेरीपटावर मुलं मांडावीत तसे बोल्ट मांडले होते, कुठला कुठे बसायचा ते कळावं म्हणून.

"हे आवळायचे आकडे नाहीत हो," ती म्हणाली. "जागेचे आहेत. कुठला बोल्ट कुठल्या भोकातला, एवढंच. त्या नाही चुकल्या. तुम्ही चुकलात."

हे बोलताना जिवावर आलं, पण बोलली.

त्याने पाना खाली ठेवला. मग घराच्या पायरीवर टेकला.

"तेव्हापासून गाडी तापायची," तो म्हणाला. "दर चढाला बाई उतरून पाणी घालायच्या. एकदा मी वैतागून म्हणालो, तुमच्याच आकड्यांत काहीतरी घोळ आहे. तर म्हणाल्या, असेल हो, माझाच असेल." त्याने चष्मा काढला. "पुढे तीन वर्षं त्या हेच सगळ्यांना सांगायच्या. हसून. माझ्यामुळे गाडी तापते म्हणून."

टाचणीला काय करावं कळेना. तो रडत होता, आणि दुसऱ्या बाईसाठी रडत होता, आणि ते तिच्यामुळे. तिला त्याचा राग आला, बाईंचा आला, मग नुसतीच कीव आली. ती आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो पाणी प्यायला, उठला आणि आवळलेले तिन्ही बोल्ट सैल केले.

मग पुठ्ठ्याची मागची बाजू वर करून तो तिच्यापुढे धरला. "तू लिही. कागदात आहे तसं."

"माझं अक्षर..."

"लिही गं."

तिने भोकांशी आकडे लिहिले. वाकडेतिकडे, सात तर उलटा पडता पडता वाचला. मग ती पुठ्ठा धरून आकडा सांगत गेली आणि तो टक् टक् करत मध्यापासून कोपऱ्यांकडे गेला. एक फेरी हलकी, दुसरी जड, तिसरी पूर्ण. कारखान्यात दोन माणसं मोठा सोफा ताणतात तसं ते काम बिनबोभाट झालं.

नवं तेल, नवं पाणी आणि बाकीची जोडाजोड होईपर्यंत ऊन उतरलं. त्याने किल्ली फिरवली. इंजिन दोनदा कुरकुरलं आणि सुरू झालं. दोघं अर्धा तास धुराची वाट बघत बसली, तो उसवलेल्या सीटवर, ती शेजारी. धूर आला नाही. तापमानाच्या काट्याने अर्ध्याच्या वर मान काढली नाही.

गाडी राहणार होती.

"ही सीट फारच उसवलीय," तो समोर बघत म्हणाला. "तुला वेळ असेल तेव्हा..."

"बघू," ती म्हणाली. तीन वर्षांनंतर एवढं तरी ताणून धरायचा तिला हक्क होता.

टेबल मोकळं करून तो अंघोळीला गेला, तेव्हा ती शेडमध्ये पुठ्ठा ठेवायला आली. बाईंच्या बाजूला, सहाच्या आकड्यावर, त्याच्या अंगठ्याचा तेलकट डाग पडला होता. तिने पदराच्या टोकाने तो हळूच टिपला. शाई फिसकटणार नाही इतक्या हळू. मग फळीवरच्या खिळ्याला पुठ्ठा अडकवला. बाईंची बाजू भिंतीकडे, आपली बाजू पुढे.