काडेपेटीतला वास

“हात नंतर घाल गो. आधी नाक घाल.”

शेखर सरांनी चिमुकल्या बाटलीचं बूच काढलं आणि सुंदराच्या कानात तो आवाज उठला. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात ती भाताच्या कणगीत हात घालायला वाकली होती, तेव्हा सासू मागून असंच म्हणाली होती. त्याला आता बावीस वर्षं झाली. सरांनी कागदाची बारीक पट्टी बाटलीत बुडवली, दोनदा हवेत हलवली आणि तिच्यापुढे धरली. सुंदरानं ती नाकाजवळून नुसती फिरवली आणि सवयीनं पिशवीतून रिकामी काडेपेटी काढली. पट्टी दुमडून ती आत ठेवणार, तोच सर म्हणाले,

“या वेळी नाही, सुंदराबाई. घरी न्यायची नाही.”

तिचा हात थांबला.

“सोमवारी मुंबईहून नम्रता मॅडम येतायत. साबणाच्या कंपनीच्या. मितेशशेठनी तुमचं फार कौतुक केलंय त्यांच्याकडे. त्यांच्या समोर वास घ्यायचा आणि तिथंच काय ते सांगायचं.”

“रातभर मुरल्याबिगर मला कळत नाय, सर.”

“मी तेच बोललो. पण त्यांना थांबायला वेळ नाही.” सरांनी बूच घट्ट लावलं. “अकरा वर्षं झाली तुम्हाला. एक दिवस न मुरलेलं सांगा की.”

ते हसत होते. सुंदराला हसू आलं नाही. तिनं काडेपेटी मिटून पिशवीत टाकली.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतला तो कारखाना लहानसाच होता. साबणात, पावडरीत, उदबत्तीत घालायचे वास तिथे बनत. परदेशात एखादं अत्तर गाजलं, की दोनचार वर्षांत सगळ्या बाजाराला त्याच चालीचा वास हवा होई. मग मालक मितेशशेठ त्या अत्तराची बाटली पैदा करून सरांच्या टेबलावर ठेवत. यात काय काय आहे ते हुडकायचं आणि असलंच काही स्वस्तात बांधायचं, हे सरांचं काम. सुंदरा तिथे बाटल्या विसळायला लागली होती.

पंचाण्णव साली निळसर काचेची बाटली आली. समुद्राचा वास, असं सगळे म्हणत. सरांनी महिनाभर शेवाळ आणून पाहिलं, ओली वाळू आणून पाहिली. जमेना. टाकून दिलेली एक पट्टी सुंदरानं गंमत म्हणून काडेपेटीत घालून टोकावड्याला घरी नेली. तिची सासू मंगळी नाकाची मोठी होती. पेरणीआधी आजूबाजूच्या गावांतली माणसं फडक्यात बियाणं बांधून तिच्या ओट्यावर येत. कुठला दाणा उगवेल आणि कुठला आतून उबलाय, हे ती मूठ नाकाशी धरून सांगे. पसरलेलं भात भरताना ती स्वतःशीच गुणगुणे:

‘कणगी माजी लिपली, लिपली शेणानं,
आंधारात लक्ष्मी, वळखिली वासानं.’

मंगळीनं पट्टी हुंगली. डोळे मिटले.

“समुद्र काय मी बगला नाय. पन ही कलिंगडाची साल हाय. लाल गर नाय. सालीलगतचं पांढरं असतं ना, ते.”

दुसऱ्या दिवशी सुंदरानं बाटल्या विसळता विसळता ते बोलून टाकलं. सर आधी हसले. मग त्यांनी फळीवरची एक धुळकट कुपी काढली, हुंगली आणि तिचे दोन थेंब चाचणीच्या मिश्रणात टाकले. महिन्याभरात वास बांधून झाला. पुढच्या दोन उन्हाळ्यांत तो पावडरीत आला, दाढीच्या पाण्यात आला, माळशेजकडे जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरच्या रुमालातही आला.

“तुम्हाला कसं कळलं हो?” सरांनी त्या वेळी विचारलं होतं.

“कळलं,” सुंदरा म्हणाली.

तेवढ्या एका शब्दात तिनं मंगळीला गिळलं होतं. विसळण्याच्या मोरीवरून ती वासाच्या खोलीत आली, पंख्याखाली, खुर्चीवर. आणि घरी म्हणाली, कारखान्यात असल्या पट्ट्या टाकून देतात, तुमची करमणूक म्हणून आणते. तेव्हापासून रोज दिवेलागणीआधी सासू-सून उंबऱ्याशी समोरासमोर बसू लागल्या. मध्ये काडेपेटी.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात मंगळीला ताप आला. पंधरा दिवस अंथरुणाला खिळली. उठली ती जरा बदलूनच. चुलीवर भात करपला तरी जागची हलेना. बियाणं घेऊन कुणी आलं तर सुनेला हाक मारी. “माजे गुडघे वाकत नाय. तू मूठ घे आनि सांग कसं लागतंय.” वय झालं, सुंदराला वाटलं. पट्टी मात्र ती पहिल्यासारखीच हातात घेई, डोळे मिटी. फक्त आता आधी प्रश्न विचारी.

“आधी तू सांग. ओलं का सुकं?”

पुढच्या वर्षी गोड बाटली आली. मुली तर वेड्याच झाल्या होत्या म्हणे त्या वासाच्या. सरांना त्यातली साखर कळत होती, पण साखरेखालचा काळोख काही केल्या सापडेना.

“गोड हाय. गुळासारखं,” सुंदरा म्हणाली होती.

“गूळ वेगळा, गुळाचा पाक वेगळा.”

“पाक. जरा लागलाय बुडाला.”

“आनि पाकाखाली?”

सुंदरानं पुन्हा नाक लावलं. “ओल. पानं कुजतात ना दसऱ्याच्या आधी, रानात, तसली.”

“मंग तसंच म्हन,” मंगळी ठामपणे म्हणाली. “करपल्या पाकाखाली रानातली कूज.”

तो वास सगळ्यांत जास्त चालला. त्यानंतर धुतलेल्या कपड्यांसारखा आला, मग कच्च्या फळांचा. दरवेळी सुंदरा सकाळी जाऊन सांगे आणि दरवेळी सर म्हणत, बाई, तुमच्या नाकाला सोन्याची चमकी घाला.

रविवारी दुपारी मंगळी ओट्यावर चिंचा फोडत बसली होती. चिंचोक्यांचा ढीग एका बाजूला. सुंदरा येऊन बसली, तिनं दोन चिंचा फोडल्या, तिसरी हातातच राहिली.

“आत्या, तो खेळ नव्हता.”

“कुठला?”

“काडेपेटीचा. तुमी जे सांगायच्या ते मी कारखान्यात जाऊन माजं म्हणून सांगितलं. अकरा वर्सं. त्याच्यावर मला खुर्ची मिळाली. हे घर उभं राहिलं त्याच्यावर.” ती थांबली. “उद्या माज्यासंगती चला. मी एकलीला नाय जमायचं, आनि आता खोटंबी बोलवत नाय. नाक कोनाचं ते सांगून टाकते. मंग पुन्ना बाटल्या विसळायला लावलं तरी चालंल.”

मंगळीचा विळा थांबला होता. ती काहीतरी बोलायला गेली, पण ओठांशी आलेलं तसंच मागे गेलं. तिनं चिंचेचं बोटूक तोंडात टाकलं आणि आंबट तोंड केलं.

“ते लुगडं काड माजं, हिरवं,” ती म्हणाली. “येते.”

सोमवारी वासाच्या खोलीत चारच माणसं होती. नम्रता मॅडम बारीक अंगाच्या, चष्म्याच्या. शेखर सर दाराशी उभे. सुंदरानं खुर्ची ओढली आणि तिच्यावर मंगळीला बसवलं.

“ही माजी सासू, मंगळीबाई,” ती मॅडमना म्हणाली. “नाक यांचं हाय. मी नुसती पट्टी घरी नेत होते आनि निरोप आनत होते. सरांना मी सांगितलं नाय.”

सर दाराकडून पुढे झाले. मग मंगळीसमोर येऊन त्यांनी हात जोडले.

“आजी, अकरा वर्षं मी तुमच्या नाकावर नाव कमावलं.”

“मंग च्या तरी पाजायचा होतात,” मंगळी म्हणाली.

मॅडम हसल्या. त्यांनी पट्टी बुडवून मंगळीच्या हातात दिली. मंगळीनं ती नाकाशी धरली, डोळे मिटले, आणि पट्टी शेजारी उभ्या सुनेकडे केली.

“तू बोल आधी. ओलं का सुकं?”

“आत्या, तुमी—”

“सवय हाय आमची,” मंगळी मॅडमना म्हणाली. “ती बोलते, मंग मला सुचतं.”

सुंदरानं पट्टी घेतली. पंख्याचा आवाज फार मोठा वाटत होता. आधी नाक घाल. तिनं डोळे मिटले.

“सुकं.”

“जळकं?”

“नाय. लाकूड हाय, जुनं. पन नुसतं लाकूड नाय, जनावराची ऊब हाय त्याला. गोठ्यातल्या दावनीचं लाकूड.”

“गुरं आत का भाईर?”

“भाईर गेलीत चरायला. ऊब तेवढी राहिलीय.” तिनं पुन्हा श्वास घेतला. “आनि वरनं गुलाब टाकलाय. झाकायला.”

मंगळीनं डोळे उघडले. “लिवा,” ती म्हणाली. “गोठ्याची दावन. गुरं गेल्यावरची. वर गुलाब.”

मॅडमनी लिहिलं नाही. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे तिघांनी यावर महिना घालवला. गोठा म्हणायला कुणी धजलं नाही.” मग त्यांनी दुसरी कुपी उघडली, पट्टी बुडवली आणि क्षणभर दोघींच्या मध्ये धरली. एकदा म्हातारीकडे पाहिलं, एकदा सुंदराकडे. आणि पट्टी सुंदराच्या हातात दिली.

सुंदरानं ती आधी सासूपुढे केली. मंगळीनं नाकाशी नेली, परत दिली.

“बोल.”

काम मिळालं. शेखर सरांनी दोघींना चहा पाजला, मंगळीला दोन कप. निघताना ते सुंदराला म्हणाले, उद्या वेळेवर या. खुर्चीवर, असं ते म्हणाले नाहीत, पण त्यांनी ती पुसून जागेवर सरकवून ठेवलेली तिनं पाहिली होती.

मुरबाड स्टँडवर टोकावड्याची गाडी लागायला वेळ होता. ऊन कलतं झालं होतं. सुंदरानं हातगाडीवरून कलिंगडाच्या दोन फोडी घेतल्या आणि दोघी बाकावर टेकल्या. मंगळीनं गर खाल्ला, साल हातात ठेवली. ती साल तिनं फिरवून पाहिली, नाकाशी धरली, परत मांडीवर ठेवली.

“याला वास येतो का गो?”

“येतो की.” सुंदरा हसली. “तुमीच तर सांगितला होता.”

“अजून तसाच येतो?”

सुंदराच्या हातातली फोड वाटेतच राहिली. करपलेला भात तिला आठवला. बियाण्याची मूठ आठवली. आठ वर्षांचे प्रश्न आठवले, एकेक, ओलं का सुकं.

“आत्या,” ती हळूच म्हणाली, “तुमी मला कवा सांगितलं नाय.”

मंगळी समोरच्या रिकाम्या फलाटाकडे पाहत होती.

“तापात गेलं ते आलंच नाय परत. सांगनार होते. पन तू रोज सांजची येऊन माज्याम्होरं बसायचीस, काडेपेटी उघडायचीस. नाक नाय म्हनले असते, तर कशाला बसली असतीस?” तिनं लुगड्याच्या काठानं सालीवरचं पाणी टिपलं आणि ती साल सुनेच्या हातात दिली. “कलिंगड तेवढं माजं हाय, गो. गूळ तुजा. आजचा गोठाबी तुजाच.”