बेळगावची लाइन चालू होती

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन बोर्ड आहे. मल्लेश्वरमपलीकडच्या एका कारखान्यात माझी हयात गेली. कुणाला कुणाशी बोलायचं असलं, की आमची ऑपरेटर प्रेमाअक्का माझी वायर उचलून ज्याच्या त्याच्या भोकात खोचायची. बोलणं संपून रिसीव्हर खाली ठेवले, की माझा दिवा लागायचा. मगच वायर काढायची, हा आमचा नेम. आधी काढली, तर माणसाचं वाक्य अर्धंच राहतं.

सुरुवातीला आयुधपूजेला मला हार मिळे. पुढे लोक नुसते "लाइन द्या!" म्हणून ओरडत. बोलणी त्यांची, बोल मला. माझ्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या. खरं सांगते तुम्हांला, नव्हे सांगतो (अक्काची बोली तोंडात बसलीय), सुटका व्हावी असंच वाटे.

शेवटी आपोआप नंबर जोडणारं यंत्र आलं. ते सुरू करायचा मुहूर्त निघाला. त्या सकाळी प्रेमाअक्कानं नवे फोन घेणं थांबवलं. चालू होते ते संपतील तशी ती एकेक वायर काढत गेली. उरली एकच, बेळगावच्या ट्रंककॉलची.

"अक्का, काढा की ती! मुहूर्त चाललाय," मॅनेजर विश्वासराव नारळ घेऊन पूजेच्या गुरुजींशेजारी उभे होते.

"दिवा लागला नाही, साहेब."

त्यांनी हेडफोन कानाला लावला. "कुणी बोलतच नाहीये!"

"रिसीव्हर टेबलावर ठेवून हंबीररावांना भट्टीवरून बोलवायला गेलेत. त्यांची लेक तिकडे बाळंतपणात अडलीय. जावई सरहद्दीवर. पोट चिरायला डॉक्टर बापाचा होकार मागताहेत."

"मग परत लावू फोन."

"बेळगाव? उद्या लागेल, नशीब असलं तर."

विश्वासराव स्टुलावर टेकले. "गुरुजी, स्वल्प थांबा."

"मुहूर्त टळेल, साहेब."

"टळू दे."

तेवढ्यात माझ्यातून धापा टाकणारा आवाज गेला, "करा डॉक्टर, करा! माझी पोर वाचवा."

"बरं. देवाचं नाव घ्या," पलीकडून आलं.

दिवा लागला. प्रेमाअक्कानं वायर अलगद काढली. "झालं हं," ती मला म्हणाली.

आता मी गोदामात असतो. पोर वाचली का, ते मला कळलं नाही. माझ्यातून बातम्या जाणं तिथंच थांबलं.

मित्रांनो, जुनं झालेलं खुशाल काढा; आम्हीही थकलेले असतो. फक्त हात घालण्याआधी बघा, कुणी अजून त्याला धरून आहे का. असेल, तर घटकाभर बाजूला बसा.