फुंकरबाबांची काच

सकाळचं ऊन सभागृहाच्या नव्या काचेवर पडलं की चमत्काराची वेळ व्हायची. अंगणातली गर्दी माना वर करून थांबे. मग कुठूनतरी एखादं पाखरू सरळ झेपावत येई आणि धप्पकन बाबांच्या पायाशी पडे. चोच उघडी, पाय ताठ. फुंकरबाबा ते ओंजळीत घेत, जांभळ्या शालीखाली ठेवत आणि प्रवचन सुरू करत. प्रवचन संपता संपता शाल हलायची, बाबा एक लांब फुंकर मारायचे आणि पाखरू भुर्रकन उडून जायचं. बायका डोळे पुसत, पुरुष मोबाइल वर धरत.

जी पाखरं उडत नसत त्यांना बाबा मुक्ती देत. थोडक्यात, बाबांना नापास व्हायची सोयच नव्हती.

बाजारामागच्या दोन खोल्यांत वन्यजीव बचाव संस्थेचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंना या चमत्काराचं फारसं कौतुक नव्हतं. पण संस्थेचे अध्यक्ष त्यांचे सख्खे मामा, आणि मामा बाबांच्या पहिल्या रांगेत. बाबांनी त्यांच्या गुडघ्यावर फुंकर घातली होती. गुडघा पूर्वीइतकाच दुखत होता, पण आता श्रद्धेनं दुखत होता, एवढा फरक मामांना पुरेसा वाटे.

त्या दिवशी तारेत अडकून पंख मोडलेली घार दवाखान्यात आली. डॉक्टरीणबाई हत्यारं उकळून, हात धुऊन आल्या, तर टेबलावरून घार खोक्यासकट गायब. मामा घेऊन गेले, असं चौकीदार म्हणाला. बाई ॲप्रनसकट सभागृहाकडे पळाल्या.

मामा पहिल्या रांगेत मांडीवर खोकं घेऊन बसले होते.

"मामा, हाड तुटलंय तिचं. आज बसवलं नाही तर जन्मभर पिंजऱ्यात राहील."

"तू शिकलीस ना, म्हणून तुला दिसत नाही," मामा कौतुकानं म्हणाले. "बाबा मेलेली उठवतात. ही तर जिवंतच आहे. अर्धं काम झालेलंच आहे."

बाईंनी घारीच्या खोक्याला हात घातला, तोच वर काचेवर थाडकन आवाज झाला आणि एक बुलबुल त्यांच्याच पुढ्यात पडला. बाबांचा एक शिष्य हात पसरून धावला. बाईंनी त्याच्याआधी पाखरू उचललं, शेजारच्या विक्रीच्या टेबलावरचं पुठ्ठ्याचं खोकं उपडं करून त्यातले बाबांचे फोटो बाहेर काढले, बुलबुल आत ठेवून झाकण लावलं आणि खोकं मामांच्या हाती दिलं.

"धरा. हलवू नका, उघडू नका, आणि फुंकू तर मुळीच नका."

बाबांनी अश्रद्ध लोकांवर प्रवचन सुरू केलं. ते नेहमीसारखंच लांबलं, आणि पाखराला नेमका तेवढाच वेळ हवा होता. खोक्यात खुडबुड झाली. मामांनी झाकण उचललं तसा बुलबुल त्यांच्या कानाजवळून निघून गेला.

गर्दी बाबांकडे पाहू लागली. बाबा मात्र तयारीचे होते. "माझी कृपा पुठ्ठ्यातूनही आत जाते," ते म्हणाले, आणि माना डोलल्यादेखील.

"मग घारीवर फुंका," बाई म्हणाल्या.

बाबांनी घारीच्या खोक्यात डोकावून आधी नख्या पाहिल्या आणि हातभर लांबूनच फुंकर मारली. घारीनं शालीचं टोक पकडलं ते सोडेचना. मोडका पंख तसाच लोंबत होता.

"हिचं प्रारब्ध कठीण आहे," शाल ओढत बाबा म्हणाले.

"प्रारब्ध धड आहे. हाड मोडलंय."

मामा अजून हातातल्या रिकाम्या खोक्याकडेच पाहत होते. बेशुद्ध पाखरू खोक्यात ठेवा, अंधार करा, गडबड करू नका, हे शाळाशाळांत जाऊन याच गावाला त्यांनीच शिकवलं होतं. खोक्याऐवजी शाल आली, आणि शिकवणारेच हात जोडून बसले.

"पण पाखरं इथंच का पडतात गं?" त्यांनी हळूच विचारलं.

बाईंनी त्यांना अंगणाच्या मध्यावर नेलं आणि काचेकडे बघायला सांगितलं. काचेत एक डेरेदार झाड होतं आणि त्यावर निळं आभाळ.

"झाड दिसतंय."

"ते तुमच्या पाठीमागचं आहे, मामा. तुम्हाला मागे वळून बघता येतं. पाखरू तसंच आत शिरायला जातं. डोकं आपटून जी बेशुद्ध होतात, ती बाबांचा चमत्कार. ज्यांचं डोकं फुटतं, ती मुक्ती."

मामांनी मागे वळून झाड पाहिलं, पुन्हा काच पाहिली. मग म्हणाले, "तू घारीला घेऊन जा. मला साबण आणि शिडी द्या कुणीतरी."

दुखरा गुडघा घेऊन ते शिडीवर चढले आणि बाहेरून सगळ्या काचेवर चार-चार बोटांच्या अंतरावर साबणाच्या उभ्या रेघा मारत सुटले. शिडी भक्तांनीच धरली. हीसुद्धा काहीतरी सेवाच असणार, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, माना वर झाल्या, बाबांनी शाल पसरली. पाखरं काचेपर्यंत आली, रेघा पाहून वळली आणि झाडावर बसून गाऊ लागली. बाबा रिकाम्या शालीसमोर बोलत राहिले. उन्हाचे चटके बसू लागले तसं कुणीतरी चपला शोधायला उठलं, आणि मग सगळेच उठले.

घार यथावकाश दवाखान्याच्या गच्चीवरून उडाली. तिच्या पंखातलं हाड बाईंनी सळई बसवून सांधलं होतं. फुंकर कुणाचीच नव्हती.

तुमच्या दारात पाखरू पडलं तर खोक्यात ठेवा, झाकण लावा आणि गप्प बसा. आणि कुणाच्या पायाशी पाखरं रोजच पडायला लागली, तर हात जोडण्याआधी मान वर करून तिथली काच बघा.