ठोकून पाहिलेली शाळा

लोहाराच्या भट्टीवर सकाळी सकाळी बाप-लेकाची जुंपली तेव्हा मी नांगराचा फाळ घेऊन दारातच उभी होते. पोरानं तापलेली सळई बापाच्या पायाशी भिरकावली. बापानं हातोड्याचा दांडा उलटा करून त्याच्या तोंडावर हाणला. पोराचा पुढचा दात जमिनीवर पडला आणि दोघंही त्याच्याकडे बघत राहिले, जणू तिसऱ्याच कुणाचा पडलाय.

"मारा! जीवच घ्या माझा!" पोरगा रक्त थुंकत ओरडला. "मी बहिणीचं भलं करायला गेलो, ही चूक झाली!"

"भलं? त्या काचेच्या इमारतीत तिला घालणार, हे भलं? माझा बैल विकून?"

भांडण होतं लोहाराच्या मुलीपायी. तिला दवाखान्यातलं काम शिकायचं होतं. डॉक्टर नाही, नर्सही नाही. डॉक्टरच्या हाताशी राहायचं, जखम धुवायची, पट्टी बांधायची, रक्तदाब बघायचा, सुई द्यायची, असं काम. आमच्या गावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनदा यायच्या. शिकून सर्टिफिकेट आणलंस तर तुलाच ठेवते, असं त्या तिला म्हणाल्या होत्या. शहरात असं शिकवणाऱ्या दोन जागा होत्या. एक काचेची इमारत, बाहेर कोट घातलेल्या पोरींचे मोठाले फोटो आणि फी एका बैलाची. तिथं या पोराचा मेव्हणा कामाला होता. दुसरी सरकारी इस्पितळाच्या मागं, फी एका बकरीचीसुद्धा नाही, पण तिथं कोण शिकवतं, काय शिकवतं, गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मग घाला की फुकट्यात!" पोरगा म्हणाला. "तुम्हीच म्हणता ना, सस्त्या लोखंडाचा विळा पहिल्या पेंढीला वाकतो?"

ते बोलणं लोहाराचंच होतं. बैल एकदाच विकता येतो. आणि चुकीच्या जागी पैसे गेले तर पोरगी पुन्हा शेण भरायला मोकळी.

मीच मधे पडले. "अरे मुडद्या," मी पोराला म्हटलं, "आपला फ्रेमवाला कुठून शिकून आला होता? त्याच काचेतून ना?"

फ्रेमवाला म्हणजे दवाखान्यातला आधीचा मदतनीस. सोनेरी चौकटीतलं सर्टिफिकेट भिंतीवर लावून खाली खुर्ची टाकून बसायचा. गेल्या मळणीला माझ्या नवऱ्याचा हात मशीनच्या पट्ट्यात गेला. उचलून दवाखान्यात नेला, डॉक्टरीणबाईंचा वार नव्हता. फ्रेमवाल्याला काही सुधरेना. नवरा तासाभरात संपला. मेला म्हणणार नाही मी, संपवला.

"तो घाबरला होता, काकू," पोरगा खालच्या आवाजात म्हणाला. "त्यात शाळेचा काय दोष?"

"मग शाळेत शिकवतात काय? खुर्चीत बसायला?"

मुलगी इतका वेळ भात्याची दोरी ओढत होती. ती म्हणाली, "भांडू नका. दोन्ही जागा जाऊन बघू. मग ठरवू."

"बघून काय कळतं?" लोहार म्हणाला. "लोखंडाला रंग लावला की सगळं सारखंच दिसतं. ठोकून बघायचं. मार खाल्ला की लोखंड खरं बोलतं."

हे त्याचं नेहमीचं. बाजारात कुऱ्हाड घेताना दुकानदाराच्या डोळ्यांदेखत दगडावर हाणून बघायचा. दोन दुकानांतून धक्के मारून बाहेर काढलेलं होतं त्याला. आम्ही हसलो आणि विषय तिथंच राहिला. हसायला नको होतं.

बाजारच्या दिवशी आम्ही तिघं शहरात गेलो, लोहार, त्याची मुलगी आणि मी. लोहाराला खाटकाच्या सुऱ्या पोचवायच्या होत्या. पहाटेच त्यानं त्या सहाणेवर लावल्या होत्या आणि हातावरचे केस कापून धार बघितली होती. खाटकाचं दुकान अजून उघडायचं होतं, म्हणून पिशवी तशीच खांद्याला लावून आम्ही काचेच्या इमारतीत शिरलो.

आत गारवा होता. बसायला मऊ कोच होते. भावाचा मेव्हणा गळ्यात टाय लटकवून पुढं आला. "या, मामा! काकू, बसा! पोरीची चिंता सोडा. तिला रोज यायचीसुद्धा गरज नाही. परीक्षेपुरती आली तरी चालेल. सर्टिफिकेटाची हमी माझी."

"रोज यायचं नाही? मग शिकणार कधी?" मुलीनं विचारलं.

"पुस्तकं घरपोच देतो ना आपण."

"आणि खऱ्या जखमेवर पट्टी कधी बांधायची?"

"शेवटच्या महिन्यात. जमलं तर." मग लोहाराकडे वळून म्हणाला, "आमची पोरं तयार आहेत, मामा. ही बघा."

वर्गात दहा-बारा पोरं-पोरी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कोटांत बसली होती. समोर रबरी बाहुला झोपवलेला. मास्तर त्याच्या हाताला पट्टी गुंडाळत होता.

"तयार आहेत?" लोहार म्हणाला. "अरे वा."

त्यानं पिशवीतून सुरी काढली. मला वाटलं, धार दाखवतोय. त्यानं डावा तळहात पुढं केला आणि सुरी ओढली.

त्याला नखाएवढी चीर हवी होती. पण सुरी त्याच्याच हातची, त्यानंच लावलेली. हत्यारांचे लाकडी दांडे तासायचा त्याचा जन्माचा जोर, तोच हातात आला. सुरी आत उतरली आणि थांबली ती हाडावर. रक्त उडालं. पहिल्या बाकावरच्या पोरीच्या कोटावर गेलं, बाहुल्याच्या तोंडावर गेलं.

"बांधा," लोहार म्हणाला. "तयार आहात ना? बांधा!"

कुणी जागचं हललं नाही. मग सगळे एकदम हलले, दाराकडे. एक पोरगी बाकाखाली कोसळली. एकजण काय करायचं ते मोबाईलवर शोधायला लागला. मास्तर भिंतीला चिकटून ओरडत होता, "ह्यांना बाहेर काढा! फरशी बघा! अहो, फरशी बघा!"

पहारेकरी धावत आला. त्याला हातात सुरी आणि रक्त एवढंच दिसलं. त्यानं लोहाराच्या पाठीत दोन काठ्या घातल्या. लोहारानं सुरी टाकली, पण डोकं काही आवरलं नाही त्याला. ते त्यानं पहारेकऱ्याच्या नाकावर हाणलं. तिथंही रक्त. मेव्हणा लोहाराच्या गळपट्टीला लोंबकळला आणि "पोलीस! पोलीस!" करायला लागला. माझं डोकं फिरलं. पायातली चप्पल काढली आणि त्याच्या टाळक्यात घातली, एक गेल्या मळणीची, एक आजची, आणि एक उगाच. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

या दंग्यात मुलगी कुठं आहे हे मला दिसलंच नाही. दिसली तेव्हा तिनं बापाला भिंतीला टेकवून खाली बसवलं होतं. डोक्याचा रुमाल काढून घडी करून जखमेवर दाबला होता आणि त्याचा हात डोक्याच्या वर धरला होता. तिचे ओठ पांढरे पडले होते. "काकू, गाडी बघा," ती म्हणाली. "मी हे सोडणार नाही."

सरकारी इस्पितळ जवळच होतं. तिथं गारवा नव्हता, कोच नव्हता. भिंतीचे पोपडे निघालेले, फिनेलचा वास नाकात जाणारा. एक धिप्पाड सिस्टर पुढं आली. तिच्यामागं धुऊन विटलेल्या झग्यांतल्या पाच-सहा पोरी, इस्पितळामागच्या त्या शाळेत तिच्या हाताखाली शिकणाऱ्या. सिस्टरनं नुसतं लोहाराकडे बोट केलं. एकीनं त्याला आडवं केलं, एकीनं नाडी धरली, एकीनं अवजारांचं ताट मांडलं. कुणी पळालं नाही, कुणी ओरडलं नाही. ओरडली ती फक्त सिस्टर.

"स्वतःच कापलं? शाळा तपासायला? अक्कल भट्टीत जाळलीत का काय!"

लोहार पडल्या पडल्या हसत होता. "पोरी," तो लेकीला म्हणाला, "हिचा आवाज ऐकलास? खणखणीत आहे. हे खरं पोलाद."

"गप्प पडा. दोन बोटांच्या शिरा तुटल्यात. ती पुन्हा वाकतील याची खात्री नाही."

त्याचं हसू गेलं. डाव्या हातानं तो सांडशी धरायचा.

सिस्टरनं रुमाल बघितला, मग मुलीकडे बघितलं. "हे कुणी दाबलं?"

"मी."

"मधे उघडून पाहिलंस?"

"नाही."

"बघतातच सगळे. तू का नाही?"

मुलगी माझ्याकडे बघेना. "गेल्या मळणीला आमच्या काकांचा हात तुटला होता. दवाखान्यातला माणूस घडीघडी पट्टी उचलून बघत होता, थांबलं का, थांबलं का. दर वेळी रक्त पुन्हा यायचं. मी दारातून बघत होते. तेव्हाच मला कळलं, उघडायचं नसतं."

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. माझा माणूस वाचला असता, एवढ्या साध्या गोष्टीनं वाचला असता. मला तिथल्या तिथं कुणाचा तरी गळा आवळावासा वाटला, आणि गळा आवळायला समोर कुणीच नव्हतं.

टाके घालून झाल्यावर सिस्टर बापाला म्हणाली, "पुढच्या वेळी कुठल्याही शाळेत जाल तर तोंडानं विचारा. खऱ्या पेशंटला हात लावू देता का? तुमची आधीची पोरं कुठं कामाला लागली? फी कशाची घेता? एवढं विचारलं की समोरचा किती पाण्यात आहे ते कळतं. त्याला सुरी लागत नाही."

"हे आधी सुचलं असतं तर हात वाचला असता," लोहार म्हणाला.

"सुचायला आधी राग आवरावा लागतो," सिस्टर म्हणाली आणि मुलीच्या अंगावर एक विटका झगा फेकला. "उद्यापासून ये. फी थोडी आहे, पण मी मारते."

ती खरंच मारायची. सुई चुकीची धरली की बोटांवर फूटपट्टी बसायची. मुलगी संध्याकाळच्या गाडीनं परत यायची आणि माझ्या ओट्यावर बसून लाल झालेली बोटं दाखवून हसायची. बैल दावणीलाच राहिला. बापाची दोन बोटं मात्र कायमची ताठ झाली. मग सांडशी पोरगा धरायला लागला आणि घण बाप मारायला लागला. जे दात पडेपर्यंत एकमेकांशी भांडले, ते आता एकमेकांवाचून एक खिळा घडवू शकत नव्हते. शिव्या तेवढ्या दोघांच्या आधीसारख्याच चालू होत्या.

पुढच्या मळणीला मुलगी सर्टिफिकेट घेऊन दवाखान्यात रुजू झाली होती. सर्टिफिकेट तिनं पेटीत ठेवलं, भिंतीवर नाही. मी खळ्यावर विळ्यानं बंध कापून पेंढ्या देत होते. मशीनच्या तोंडाशी लोहाराचा पोरगा होता.

तोच तो आवाज. पट्टा अडकल्याचा आणि वर माणसाचा.

मी विळा हातात तसाच धरून उभी राहिले. कुणीतरी दवाखान्याकडे पळालं. मुलगी आली ती धावत आली. भाऊ मातीत लोळत होता, लाथा झाडत होता, तिला नाही नाही ते बोलत होता. कोपराखालून रक्ताची चिळकांडी उडत होती. तिनं त्याच्या छातीवर गुडघा रोवला आणि खाडकन थोबाडीत दिली.

"हललास तर मरशील! कळलं? पड गुमान!"

तो पडून राहिला. तिनं दाबलं, वर आवळून बांधलं, पुन्हा दाबलं. "थांबलं का गं?" तो रडत विचारत होता. "बघ ना, थांबलं का?"

"बघणार नाही," ती म्हणाली.

गाडी येईपर्यंत तिनं हात काढला नाही. भाऊ जिवंत गेला. सिस्टरनं निरोप धाडला, हात राहील, कामाचा राहील.

गाडी गेली तशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, कोपरापर्यंत लाल. मला आनंद व्हायला हवा होता. मी विळा फेकला आणि तिच्या पाठीत, दंडावर, जिथं लागेल तिथं बुक्के घालायला सुरुवात केली.

"गेल्या मळणीला कुठं होतीस? सांग ना! गेल्या मळणीला कुठं मेली होतीस?"

बायका मला धरायला धावल्या. तिनं त्यांना हातानं थांबवलं. "मारू दे काकूंना," ती म्हणाली, आणि मी दमेपर्यंत उभी राहिली.

मग तिनं माझं मनगट धरलं. मशीनचा आवाज ऐकून मूठ विळ्याच्या पात्यावरच आवळली होती आणि तळवा कापला होता, मला ठाऊकच नव्हतं. तिनं हात धुतले, स्वच्छ कापड ठेवलं आणि माझाच दुसरा हात त्यावर दाबला.

"धरून ठेवा, काकू. उघडून बघू नका."

मी खळ्याच्या कडेला बसले आणि धरून ठेवलं. उघडून पाहिलं नाही.