गच्चीवरच्या सळया

गुणाजींनी पातळ कालवलेल्या सिमेंटमध्ये जुना ब्रश बुडवला आणि गच्चीच्या कोपऱ्यातल्या सळयांना लावायला घेतलं. वरचा मजला चढवताना जोड मिळावा म्हणून त्यांच्या कोपरी भागात घर बांधणारे कॉलमच्या सळया उघड्याच सोडतात. त्या गंजू नयेत म्हणून पावसाळ्याआधी सिमेंटचा हात मारायचा. आजूबाजूच्यांचे मजले कधीच चढले. गुणाजींच्या सळयांवर तोंडलीचा वेल चढला.

टाकीच्या सावलीत त्यांची मुलगी शिवानी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. ती डोंबिवलीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. मध्यवर्ती बँकेचे एक माजी गव्हर्नर नुकतेच वारले होते. उद्या टेंभी नाक्याजवळच्या सभागृहात त्यांच्या कारकिर्दीवर तिचं व्याख्यान होतं. महागाईला वेसण घालायला या साहेबांनी व्याजदर भराभर वाढवले होते. त्यात देशाचं भलं झालं असेल, पण आपलं वाटोळं झालं, असं या घरात धरूनच चालत. कर्ज महागलं, मजला राहून गेला, आणि शिवानीचा थोरला भाऊ संदेश लग्न करून विठ्ठलवाडीला भाड्याच्या खोलीत गेला. दिवाळीला यायचा, चहा घ्यायचा आणि वर बघून म्हणायचा, "माझं घर गव्हर्नरने खाल्लं." म्हणताना हसायचा, पण बाबांकडे बघायचा नाही.

खाडीकडून वारा सुटला होता. ऊन पिवळं झालं की शिवानीला तो न झालेला मजला दिसायचा. दादाची खोली, वहिनीचा ओटा, खिडकीला निळा पडदा. आजही दिसला. पडदा हलला, मग तोंडलीची पानं हलली, आणि ती बराच वेळ तशीच बघत राहिली. तिथे राहायला न आलेल्या माणसांची तिला आठवण येत होती.

"बाबा, उद्या साहेबांना सोडत नाही मी," ती म्हणाली. "दादापण येणारेय ऐकायला."

गुणाजींचा ब्रश थांबला.

"मेलेला माणूस आहे, बाय. जास्ती नको बोलू."

"पण त्यांच्यामुळेच ना सगळं?"

"त्यांनी त्यांचं काम केलं असेल," ते म्हणाले आणि पुन्हा सळईकडे वळले.

शिवानीने आलेख उघडला. व्याजदराची रेघ घाट चढल्यासारखी वर गेली होती आणि पलीकडे उतरली होती. वर्गात तिने ती कितीदा फळ्यावर काढली होती. आज पहिल्यांदाच त्या रेघेखाली घरातल्या घटनांची सालं ठेवून पाहिली. इथे दादाचं लग्न ठरलं. इथे दर सगळ्यात वर. इथे ते उतरले, चांगले खाली आले. दादा तेव्हा अजून घरातच होता, लग्न पुढे ढकलून मजल्याची वाट बघत होता.

आणि दर उतरले त्याच वर्षी जूनमध्ये ती एमए करायला पुण्याला गेली होती. हॉस्टेल, फी, सगळं. पैशांची चिंता तू करू नको, असं बाबा म्हणाले होते. तिने केली नव्हती.

तिने मान वर केली. मजल्याचे पैसे कुठे गेले ते विचारायला तोंडही उघडलं. गुणाजी मघाच्याच ओल्या सळईला पुन्हा सिमेंट लावत होते. तिला एकदम रडू आलं आणि तिने लॅपटॉप मिटला.

व्याख्यान चांगलं झालं. महागाई खरोखर आटोक्यात आली, त्याचं श्रेय तिने साहेबांना दिलं. आलेख मात्र दाखवला नाही. प्रश्नांच्या वेळी तिसऱ्या रांगेतून संदेश उठला. शेजारी गुणाजी बसले होते.

"मला एकच विचारायचंय," तो माइकमध्ये म्हणाला. "व्याजाचे दर मग उतरले कधी? जे थांबलेले, त्यांना काय उपयोग झाला का?"

गुणाजींनी मान खाली घातली. नखात अडकलेलं सिमेंट ते खरवडू लागले.

शिवानीच्या मागे साहेबांचा हार घातलेला फोटो होता. तिने तिकडे पाहिलं नाही.

"उशिरा," ती म्हणाली. "फार उशिरा उतरवले त्यांनी. ती त्यांची चूकच."

संदेशने मान डोलावली. खाली बसला, आणि कितीतरी वर्षांनी त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.